ड्राय आइस ब्लास्टिंग, आठ महिन्यांनंतर: बर्फापेक्षा हवेनेच जास्त रडवलं

फेब्रुवारीत मी आणि चुलतभावाने मिळून एक सेकंडहॅण्ड ड्राय आइस ब्लास्टिंग मशीन घेतलं, छोटं, एका होजवालं. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्याच्या गोळ्या मारून घाण काढायची. राहायला आम्ही इंदूरात, शेती सांवेरकडे, आणि तिथल्या शेडमध्ये आजोबांच्या काळापासूनचं भंगार (काकांसमोर हा शब्द काढायचा नाही) म्हणजे एक एचएमटी जीटर ट्रॅक्टर, सोयाबीनचं थ्रेशर, सीड ड्रिल, दोन रोटाव्हेटर. सगळ्यांवर ग्रीस आणि भुश्याचा असा थर की नटबोल्ट कुठेय ते बोटाने चाचपून शोधावं लागायचं.

आधी काय करायचो, तर डिझेल आणि ब्रश, नाहीतर पाण्याचं प्रेशर. पाणी बेअरिंगमध्ये, वायरिंगमध्ये शिरतं. सॅण्ड ब्लास्टिंगची रेती ऑइल सीलमध्ये गेली की पुढचा खर्च वेगळाच. यात तसलं काही नाही, तांदळाएवढ्या बर्फाच्या गोळ्या, उणे ७८ डिग्रीच्या, हवेच्या जोरावर आपटतात, ग्रीस गारठून कडक होऊन तडकतं आणि गोळीचा तिथेच गॅस होतो, जवळपास ८०० पट फुगतो, तो थराच्या खालून उचकटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचा मिस्त्री नोझलसमोर हात धरायलाच निघाला होता, ओरडून थांबवला, मग म्हणतो, "भिया, ये बरफ गया किधर?"

बर्फ जातो, घाण जात नाही. हे कोणी सांगत नाही. व्हिडिओत सगळं कसं गायब होतं ना, ते गायब नाही होत, समोरच्या भिंतीवर जातं. आमची चुन्याची पांढरी भिंत पहिल्याच दिवशी चित्त्यासारखी झाली. आता तीन बाजूंनी ताडपत्री बांधतो आणि खाली पडलेलं फावड्याने गोळा करतो. फायदा इतकाच की कोरडं असतं, चिखल नाही.

आता खरी गोष्ट, कंप्रेसर. गॅरेजमधला टाकीवाला कंप्रेसर घेऊन कोणी हे करायला जाऊ नका, दोन मिनिटांत प्रेशर बसतं आणि गोळ्या नुसत्या टपटप पडतात. जोर येतो तो सतत भरपूर हवा मिळाली तर. आम्ही शेवटी विहिरीत खडक फोडायला येतो तो ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर दिवसाच्या भाड्याने आणायला लागलो. हवा दणकून मिळते, पण त्या हवेत पाणीही असतं आणि तेलही. उन्हाळ्यात जाणवलं नाही. जुलैमध्ये शेजाऱ्याचा रोटाव्हेटर घेतला, बाहेर रिपरिप चालू, वीस मिनिटांत होज गुरगुरायला लागला आणि बंद. नोझल काढलं तर आत पाण्याचा बर्फ जमून बूच बसलेलं, हॉपरमधल्या (मशीनच्या बर्फ भरायच्या डब्यातल्या) गोळ्यांचे ढेकूळ झालेले. उन्हात ठेवून वितळवायचं तर ऊन कुठंय! पेटीतला अर्धाअधिक बर्फ आमच्यासमोर धूर होऊन गेला आणि कंप्रेसरवाल्याने पूर्ण दिवसाचे पैसे घेतले ते वेगळेच. नंतर इंदूरच्या सियागंज बाजारातून चांगला मॉइश्चर सेपरेटर आणि तेलाचा फिल्टर आणून बसवला, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तेलाचं तर अजून एक, फिल्टर नसताना साफ केलेल्या पत्र्यावर प्रायमर धरलाच नाही, नख लावलं की सोलून यायचा.

बर्फ पिथमपूरच्या बाजूला एका सप्लायरकडून आणतो. आमचं मशीन तासाला साधारण ३० किलो खातं. पेटी कितीही चांगली असो, रोज थोडा उडतोच, मे महिन्यात तर विचारू नका. त्यामुळे "रविवारी बघू" हे इथे चालत नाही, सगळी मशिनं आदल्या दिवशी उघडून, वरची काळी माती पाण्याने धुऊन, वाळवून तयार ठेवायची आणि बर्फ आला की चहासुद्धा नंतर. काका म्हणाले, "पैसे हवेत उडवतोयस तू." शब्दशः खरं आहे ते, काय बोलणार.

जमतं कुठे ते सांगतो. जीटरच्या सेल्फ आणि डायनॅमोच्या आसपास, गिअरबॉक्सच्या खाचांमध्ये, थ्रेशरच्या बेअरिंग हाउसिंगवर, इथे याला तोड नाही. गिअरबॉक्सवर कास्टिंगचे उठावदार आकडे निघाले, ते तिथे आहेत हे काकांनाही माहीत नव्हतं. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट केलं की ग्रीस अजून पटकन सुटतं असा माझा अनुभव. गंजावर मात्र शून्य. सुटी पापडी उडते, खालचा गंज तसाच, त्याला वायर ब्रशच. सीड ड्रिलच्या खताच्या पेटीत चिकटलेलं डीएपी पण पाण्यानेच बरं निघालं, उगाच पाच-सहा किलो बर्फ घालवला. आणि साफ झालेलं लोखंड गार असतं, पावसाळ्यात त्यावर लगेच दव धरतं, रात्रीतून पिवळं पडतं. तेलाचा हात तेव्हाच फिरवा.

गॅसचं गंमतीत घेऊ नका. एक किलो बर्फाचा साधारण अर्धा घनमीटर गॅस होतो आणि तो हवेपेक्षा जड, खाली बसतो. आवाज प्रचंड (कानाला मफ लागतोच), म्हणून एकदा शेजारच्यांसाठी शटर अर्धं खाली ओढलं. थोड्या वेळात डोकं जड, धाप लागल्यासारखं, भाऊ वाकून खालचा पाना उचलायला गेला आणि चक्कर येऊन बसलाच. त्यानंतर दोन्ही दारं उघडी, खड्ड्यात उतरून काम बंद. बर्फ आणतानाही पेटी पिकअपच्या मागे उघड्यावर, केबिनमध्ये नाही. आणि मशिनला अर्थिंगची वायर लावा, नाहीतर कोरड्या दिवसांत असे झटके बसतात की गन हातातून सुटते.

परत घेईन का? एकट्याच्या शेतीसाठी नाही. आम्ही आसपासच्या चार-पाच जणांची मशिनं एकाच दिवशी घेतो, कंप्रेसरचं भाडं वाटून जातं, तेव्हा कुठे परवडतं. महिन्यात एकदाच काम असेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा.

एक चूक मात्र पैशाने भरून आली नाही. जीटरच्या मडगार्डवर आजोबांनी पेंटरकडून "मल्हारी मार्तंड प्रसन्न" लिहून घेतलं होतं. चांगला रंग टिकतो, सुटलेलाच उडतो हे वाचलं होतं, पण रंग खालून सुटलाय हे वरून कुठे दिसतं. एक फटका आणि "मार्तंड" गेला. काका दोन दिवस बोलले नाहीत. नंतर सांवेरच्या पेंटरने फोटो बघून परत लिहून दिलं, छान लिहिलंय, पण "र्त"चा रफार जुन्यासारखा वळला नाही असं काकांचं म्हणणं आहे, आणि खरंच नाही वळलेला.