पोरगं म्हणतंय "पप्पांकडं राहतो": लगेच पाठवायचं, थांबवायचं, की आधी राहून बघू द्यायचं?

२०२३ ची गोष्ट, गणपती नुकतेच गेलेले, माझा मुलगा नववीत. मी रात्री भाकरी थापत होते आणि तो ओट्याला टेकून नुसताच उभा, तवा तापला तरी बोलेना, आणि मग एकदम म्हणाला, मम्मी मी पप्पांकडं राहायला जाऊ काय? घटस्फोटाला तेव्हा पाच वर्षं झालेली, आम्ही दोघं बेळगावात शहापूरला माझ्या आईजवळ, त्याचे पप्पा कोल्हापुरात. मी रागात म्हटलं, "जा की मग, कोण धरून ठेवलंय तुला." पुढचे दोन दिवस तो आजीच्या खोलीत ताट घेऊन जेवला. म्हणून ज्यांच्या घरी हा प्रश्न आत्ता आलाय त्यांना पहिलं हेच सांगते, त्या रात्री हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका, "बरं, दोन दिवस दे मला, मग बसून बोलू" एवढंच म्हणा.

त्या दोन दिवसांत कारण काढा, कारण तिन्ही रस्त्यांची तुलना त्यावरच अवलंबून आहे. मोबाईल काढून घेतला म्हणून जातो म्हणत असेल तर ते आठवड्यात विरून जातं. शाळेत कोण त्रास देतंय, घरात नवीन माणूस आलंय, असं असेल तर ते आधी सोडवा, घर बदलून ते सुटेलच असं नाही. आणि मारहाण, वाईट स्पर्श, भीती असं काही निघालं, मग ते इथल्या घराबद्दल असो की तिथल्या, तर तुलना वगैरे काही नको, त्याच दिवशी पोराला तिथनं बाजूला काढा, १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

माझ्या पोराचं कारण स्कूटीवर कळलं. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला आम्ही थांबलेलो, तो मागं बसलेला, तोंड दिसत नसलं की पोरं बोलतात. म्हणाला, "पप्पांकडं गेलो की मी पाहुणा असतोय, दोन दिवस मटण करतात आणि सोडायला येतात. मला पाहुणा नको व्हायचंय." ते ऐकून माझा राग गेला. तो मला सोडून जायला निघाला नव्हता, त्याला बाप हवा होता.

आता रस्ते बघू. लगेच पाठवणं याचा फायदा खरा आहे, पोराला वाटतं आपलं ऐकलं, घरातली धुसफूस थांबते. पण आपल्या सीमाभागात घर बदललं की राज्य पण बदलतं, म्हणजे बोर्ड बदललं, पुस्तकं बदलली. इथं एसएसएलसी म्हणजे कर्नाटकची दहावी, ती त्याच्या वेळी ६२५ मार्कांची, पहिली भाषा १२५ ची, आणि कन्नड आहेच. तिकडं कन्नड सुटलं हे पोराला ऐकायला गोड वाटतं, पण बाकी विषयांची पुस्तकं बालभारतीची, नववीच्या मध्यात नाहीतर दहावीच्या तोंडावर टीसी काढून नेलं तर सगळं नव्यानं धरायचं आणि वर नवीन वर्ग, नवीन मित्र. अजून एक, रागात गेलेल्या पोराला परत यायची लाज वाटते, ते तिथं कुढत बसेल पण फोन करणार नाही. सहावी सातवीतलं पोर असेल तर शाळेचं एवढं ओझं नाही, तिथं जूनमध्ये लगेच पाठवणं चालून जाईल. नववी-दहावीत मी तरी नको म्हणेन.

थांबवणं म्हणजे "दहावी होऊ दे मग बघू". हे सगळ्यात सोपं वाटतं आणि बहुतेक आया हेच म्हणतात, पण त्यातलं "बघू" पोराला "नाही" असंच ऐकू येतं. थांबवायचं तर तारीख सांगून थांबवा. आमच्यात ठरलं की एसएसएलसीचा निकाल लागला की अकरावी कोल्हापूरला, आणि तोपर्यंत एक सोडून एक शनिवार-रविवार पप्पांकडं. याचा शिक्षणात पण फायदा होता, इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाच्या कर्नाटक सीईटीच्या कोट्याला सात वर्षं इथं शिकलेलं लागतं आणि ते त्याचं भरलेलं. मात्र पोराला डॉक्टर व्हायचं असेल तर आधी नीट बसून बोला, कारण महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं लागतात, सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांना वेगळ्या जागा आहेत पण त्या अगदी मोजक्या.

तिसरा रस्ता, राहून बघणं, आणि माझं मत पूर्ण याच्या बाजूनं आहे. पण दिवाळीत किंवा मे महिन्यात नको, तेव्हा तिकडं पण सुट्टीच असते, फिरणं, आत्या, आतेभाऊ, त्यातनं काही कळत नाही. आपल्याकडं कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीत आपलं पोर मोकळं आणि कोल्हापुरात सगळं नेहमीसारखं चालू, पप्पा ड्युटीवर, शेजारची पोरं शाळेत. खरं घर तेव्हाच दिसतं. मी त्याला त्या ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस पाठवलं. चौथ्या दिवशी फोन, "मम्मी, इथं दुपारी कोणच नसतंय, मीच कुकर लावला." मी "मग ये परत" म्हणणार होते, जीभ चावली आणि शिट्ट्या किती घेतल्यास एवढंच विचारलं. तो पंधरा दिवस राहून आला आणि तरी म्हणाला, मला जायचंय. तेव्हा मला कळलं की हे हट्टातनं नाही.

कोर्टाचं थोडक्यात. अमुक वयाला पोर स्वतः ठरवू शकतं असं कायद्यात नाही, अठराच्या आत कोर्ट पोराचं हित बघतं, समजत्या पोराचं म्हणणं विचारात घेतं, जज बऱ्याचदा त्याच्याशी एकटं बोलतात. ताब्याचा हुकूम बदलून घेता येतो. दोघांचं जमत असेल तर दोघांनी मिळून अर्ज करा, नुसतं तोंडी पाठवू नका, कारण पोटगीचा हुकूम पोर हललं म्हणून आपोआप बदलत नाही आणि पुढं त्यावरनंच भांडणं होतात.

आणि येण्याजाण्याचं आधीच ठरवा. डिसेंबर २०२२ ला सीमावादात एसटी आणि कर्नाटकच्या बस थांबल्या, फेब्रुवारी २०२५ ला परत तेच, आणि त्या वेळी ह्याचा पप्पांकडं जायचा शनिवार होता, दप्तर भरून बसलेला. तेव्हापासून आमचं निपाणी ठरलंय, ते हद्दीजवळचं पण कर्नाटकातलंच गाव, बेळगावच्या बाजूनं मी नेणार, पुढं पप्पा गाडी घेऊन येणार. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, त्या शक्ती योजनेत मला निपाणीपर्यंत तिकिटाचे पैसे पण पडत नाहीत.

जून २०२५ ला त्याचा अकरावीचा ऑनलाईन फॉर्म भरला, आता तो कोल्हापुरात आहे. जायच्या आधी आम्ही तिघं निपाणीला एका हॉटेलात बसून वहीच्या पानावर सगळं लिहिलं होतं, कोणते शनिवार, फीचं काय, आजारी पडला तर कोण. शेवटची ओळ त्यानं स्वतः लिहिली, "मला परत यायचं असेल तर का म्हणून कोणी विचारायचं नाही." त्याखाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत.