शासन निर्णयांचे संकेतस्थळ: आदेश सापडतो, त्याचे पुढे काय झाले ते सापडत नाही

राज्य सरकार प्रत्यक्षात कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णयांचे (म्हणजे जीआरचे, विभागांनी काढलेल्या लेखी आदेशांचे) संकेतस्थळ अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. ते विनामूल्य आहे, नावनोंदणी लागत नाही आणि मंत्रालयातील विभागांचे आदेश तेथे पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. विभाग, दिनांकांची मर्यादा, महत्त्वाचा शब्द किंवा संकेतांक यांपैकी कशानेही शोध घेता येतो. हा अठरा अंकी संकेतांक खात्रीचा, कारण त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असतात. एखाद्याने पाठवलेल्या आदेशाच्या खरेपणाबद्दल शंका आली, तर तो अंक टाकून मूळ प्रत ताडून पाहता येते. समाजमाध्यमांवर बनावट जीआर फिरण्याच्या या दिवसांत एवढ्या एका सोयीसाठीही हे संकेतस्थळ माहीत असायला हवे.

मात्र त्याचे खरे मोल त्या कागदांच्या रचनेत आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते आणि त्याखाली एखाद्या कक्ष अधिकाऱ्याची, अवर सचिवाची किंवा उप सचिवाची स्वाक्षरी असते. संविधानाच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याची सर्व कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावानेच व्यक्त करावी लागते. निर्णय मंत्रिमंडळाचा किंवा मंत्र्यांचा, नाव राज्यपालांचे आणि सही सचिवालयाची, अशी ही त्रिस्तरीय मांडणी एका पानावर दिसते. मंत्र्यांनी नस्तीवर (फाइलवर) मारलेला शेरा हा शासनाचा आदेश ठरत नाही, तो रीतसर निर्गमित होऊन संबंधितांना कळवला जावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने बच्छित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर घोषणा झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले, तरी तहसील कार्यालयात ‘जीआर आला का?’ हाच प्रश्न विचारला जातो, आणि तो योग्यच असतो.

अधिकार कसा वापरला जातो, याचे चांगले उदाहरण म्हणजे महिला व बाल विकास विभागाचा २८ जून २०२४ चा, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय. दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्याने नव्हे, तर या आदेशाने सुरू झाली. पाठोपाठ ३ जुलैच्या शासन निर्णयाने वयोमर्यादा ६० वरून ६५ वर्षांपर्यंत नेली आणि पाच एकर जमिनीची अट वगळली. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर कार्यकारी अधिकाराचा वेग आणि त्याची लवचिकता दोन्ही लक्षात येतात. विधिमंडळाचा अंकुश येथे पैशाच्या वाटेने येतो: राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही विनियोजन अधिनियमाशिवाय, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधिमंडळाच्या कायद्याशिवाय, काढता येत नाही, म्हणून योजना आदेशाने जन्मली, तरी तिला अर्थसंकल्प आणि पुरवणी मागण्या यांच्यामधूनच जावे लागते.

पैशाचा हा माग काढायला शासन निर्णयातील लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या बाबीखाली पडतो हे सांगणारा अंक, शिकून घ्यावे. सुरुवातीचे चार अंक पुरेसे आहेत. २ किंवा ३ ने सुरू होणारे शीर्ष महसुली (नेहमीच्या चालू) खर्चाचे, ४ किंवा ५ ने सुरू होणारे भांडवली (मालमत्ता उभारण्याच्या) खर्चाचे. म्हणजे २२०२ असेल तर सर्वसाधारण शिक्षण, २२१० असेल तर आरोग्य, आणि ५०५४ असेल तर रस्ते व पूल यांच्यावरील भांडवली खर्च. त्याखाली नियंत्रक अधिकारी कोण, आहरण व संवितरण अधिकारी (पैसे काढून वाटणारा) कोण, आणि वित्त विभागाच्या संमतीची खूण असलेला अनौपचारिक संदर्भ क्रमांक कोणता, हे दिलेले असते. हा शेवटचा क्रमांक वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण ज्या विभागाकडे योजना असते त्याच्याकडे तिजोरीची किल्ली नसते, हे तो सांगतो. शालेय शिक्षणाच्या समग्र शिक्षासारख्या केंद्रपुरस्कृत योजनेच्या निधीवाटपाच्या आदेशात केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगवेगळा दाखवलेला असतो, आणि शिक्षण या समवर्ती (केंद्र व राज्य दोघांच्याही अखत्यारीतील) विषयात कोणाचा हात किती, हे त्यातून कळते.

अतिवृष्टीच्या मदतीचे आदेश याहून बोलके आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे दर आणि दोन हेक्टरांची मर्यादा केंद्राने ठरवलेली असते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने जिरायत पिकांसाठी हेक्टरी ६,८०० ऐवजी १३,६०० रुपये दिले आणि मर्यादा तीन हेक्टर केली. अशा वाढीव मदतीचा भार राज्याला स्वतःच्या निधीतून उचलावा लागतो.

आता उणिवा. या संकेतस्थळावर खर्च दिसतो, उत्पन्न दिसत नाही. राज्य वस्तू व सेवा कर, इंधन व मद्यावरील मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क यांतून किती येते, पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेपैकी राज्यांना दिलेल्या ४१ टक्क्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला २०२१-२६ या काळात ६.३१७ टक्के कसे आले, यासाठी वित्त विभागाच्या अर्थसंकल्पीय प्रकाशनांकडेच वळावे लागते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,००,०२० कोटी रुपयांचा एकूण खर्च आणि ४५,८९१ कोटींची महसुली तूट मांडली होती. ही चौकट डोक्यात नसेल, तर सुटे आदेश वाचून राज्याच्या ऐपतीचा अंदाज येत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. ‘वाचा’ या मथळ्याखाली आधीच्या आदेशांची यादी असते, त्यामुळे मागे जाता येते. पण जुना आदेश उघडला असता तो पुढे सुधारला गेला, अधिक्रमित झाला (त्याची जागा नव्या आदेशाने घेतली) की रद्द झाला, याची नोंद त्या आदेशावर नसते. अनुदान, बदली किंवा निवृत्तिवेतनाच्या प्रश्नासाठी आलेला सामान्य वाचक जुन्याच आदेशावर विसंबून राहण्याची शक्यता येथे मोठी आहे. शिवाय जुने अनेक आदेश केवळ छायाप्रतीच्या रूपात असल्याने त्यांच्या मजकुरात शोध घेता येत नाही. भाषेबद्दलही एक शब्द: राज्यकारभार मराठीत चालतो याचा आनंद आहेच, पण अर्ध्या पानाचे एक वाक्य आणि त्याच्या टोकाला ‘करण्यात येत आहे’, हा प्रकार वाचकाची परीक्षा पाहतो.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, पत्रकार, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांना मी हे संकेतस्थळ निःसंकोच सुचवीन. वापरताना दोन पथ्ये पाळावीत: हवा तो आदेश मिळाला, तरी त्याच विभागाचे त्यानंतरचे आदेश त्याच महत्त्वाच्या शब्दाने पुन्हा तपासावेत, आणि विषय कायद्याखालील नियमांचा असेल, तर राजपत्रातील अधिसूचना वेगळी पाहावी, कारण शासन निर्णय नियमांतील रिकाम्या जागा भरू शकतो, त्या नियमांना बाजूला सारू शकत नाही.