संस्थापकांचा अर्धपुतळा कशाचा करावा? ब्राँझ, काळा पाषाण, संगमरवर की फायबर

हायस्कूलचा अमृतमहोत्सव, वाचनालयाची शताब्दी, सोसायटीची नवी इमारत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात यांपैकी काही जवळ आलं की कमिटीच्या बैठकीत संस्थापकांच्या पुतळ्याचा विषय निघतोच. कोणी कोल्हापूरहून कोटेशन आणतो, कोणाच्या ओळखीचा जयपूरचा मूर्तिकार असतो, तिसरा मोबाईलवर फायबरच्या पुतळ्याचा फोटो फिरवतो. मग तीन आकडे शेजारी मांडायचे आणि मधला मंजूर करायचा. पण हे तीन आकडे एकाच वस्तूचे नसतातच.

माझं मत आधीच सांगतो. पुतळा उघड्यावर बसणार असेल आणि वर्गणी जमत असेल तर ब्राँझ. छताखाली असेल तर चांगल्या हाताच्या फायबरला नाक मुरडायचं कारण नाही. काळा पाषाण निवडायचा तर कोरणाऱ्याने केलेले माणसांचे चेहरे आधी पाहून. आणि संगमरवर आपल्या पावसात बाहेर नकोच.

आधी माती

ब्राँझ काय, फायबर काय, चेहरा घडतो तो मातीत. शिल्पकार आधी मातीत पुतळा करतो, त्याचा प्लास्टरचा साचा काढतो, आणि पुढचं सगळं त्या साच्यावरून होतं. संगमरवराचं कामही बहुतेक वेळा मातीच्या किंवा प्लास्टरच्या नमुन्यावरूनच मोजून उतरवतात. माती चुकली तर महागडा धातू ती चूक फक्त कायमची करतो. म्हणून ‘क्ले पास करायला’ दोघा पदाधिकाऱ्यांनी घाईत जाऊन फोटो काढून परत येऊ नये. संस्थापकांना रोज पाहिलेली दोन-चार म्हातारी माणसं न्या. त्यांना शिल्पातलं काही कळायची गरज नाही. ‘नाही हो, सरांची मान अशी नव्हती’ एवढं त्यांनी सांगितलं तरी पुष्कळ.

खरी अडचण फोटोची असते. आपल्याकडे संस्थापकांचा एकच फोटो असतो, समोरून काढलेला, बऱ्याचदा रंगवून घेतलेला. समोरच्या फोटोवरून नाक किती पुढे आहे, डोक्याचा मागचा भाग कसा आहे, हनुवटी आत आहे की बाहेर, काहीच कळत नाही. ही अडचण राजांनाही चुकली नाही. इंग्लंडचा पहिला चार्ल्स लंडनमध्ये आणि शिल्पकार बर्निनी रोममध्ये. तेव्हा चित्रकार व्हॅन डाइकने एकाच कॅनव्हासवर राजाचं तीन बाजूंनी चित्र काढलं आणि ते रोमला पाठवलं. त्यावरून बर्निनीने १६३६ मध्ये संगमरवरी अर्धपुतळा केला. तेव्हा लग्नाचे, सहलीचे, गॅदरिंगचे जुने ग्रुप फोटो धुंडाळा. कडेला उभे असलेले, मान वळवलेले सर त्यांतच सापडतात. एखाद्या पुतण्याचं किंवा नातवाचं नाक त्यांच्यावर गेलं असेल तर त्याला शिल्पकारासमोर बसवा. हल्ली एका फोटोवरून कॉम्प्युटरवर त्रिमिती चेहरा करून देणारेही आहेत. समोरून तो हुबेहूब दिसतो. बाजूने बघितलं की दुसराच कोणीतरी असतो.

दुसरा वाद वयाचा. संस्था काढली तेव्हाचे तिशीतले सर, की सगळ्यांना आठवणारे पिकल्या केसांचे? रोमन लोकांनी दोन्ही करून ठेवलंय. प्रजासत्ताकाच्या काळातले त्यांचे दगडी चेहरे सुरकुत्या, टक्कल, लोंबलेले गाल लपवत नाहीत. वय म्हणजे मान अशी त्यांची समजूत. सम्राट ऑगस्टस पंचाहत्तरीपर्यंत जगला, पण त्याचे पुतळे शेवटपर्यंत तरुणच राहिले. माझं मन पहिल्या प्रकाराकडे झुकतं. गावातल्या माणसाला ओळखीचा चेहरा हवा असतो. हा वाद माती मळायच्या आधी मिटवून ठरावात लिहा. नंतर मिशा बदलायला लावल्या की शिल्पकाराचा उत्साह जातो, आणि ते पुतळ्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

ब्राँझ

बाजारात पुतळ्यासाठी ब्राँझ म्हणून जे वापरतात ते बऱ्याचदा गनमेटल असतं: साधारण ८५ टक्के तांबं, बाकी कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी पाचच्या आसपास. त्यात गैर काही नाही, फक्त मिश्रण कोणतं ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. पुतळा आतून पोकळ असतो. आयुष्याकार, म्हणजे खऱ्या माणसाएवढ्या, अर्धपुतळ्याचा पृष्ठभाग एक चौरस मीटरच्या आसपास धरला आणि पत्र्याची जाडी ६ मिलिमीटर, तर वजन ५० किलोच्या घरात जातं. कोणी निम्म्या वजनाचा पुतळा त्याच भावात देत असेल तर एक तर आकार लहान आहे किंवा जाडी कमी आहे. वजन करून घेण्यात संकोच कसला? सोनाराकडे करतोच की.

‘आपल्या उद्यमबागेत एवढ्या फाउंड्री असताना कोल्हापूर कशाला?’ हा प्रश्न बेळगावात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पण त्या औद्योगिक वसाहतीतलं काम मुख्यतः वाळूच्या साच्यात मशीनचे भाग ओतण्याचं. पुतळा मेण घालवून ओततात: मेणाची पातळ प्रत, तिच्याभोवती प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचं वेष्टन, भट्टीत मेण वितळून निघालं की त्या पोकळीत धातू. नंतर तुकडे वेल्ड करणं, सांधे घासून बुजवणं, केस आणि भुवया छिन्नीने पुन्हा उठवणं, रसायनाने रंग चढवणं. पैसा या शेवटच्या हातकामात जातो. वि. पां. करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा १९२८ चा. तो माझगाव गोदीत एकसंध ओतला होता. तेवढी हिंमत अर्धपुतळ्याला लागत नाही. दोन-चार तुकडे चालतात, सांधा दिसता कामा नये.

ब्राँझचा मोठा फायदा म्हणजे तो पातळ गोष्टी पेलतो. चष्म्याच्या काड्या, फेट्याचा सुटा शेमला, मिशीचं टोक. प्राचीन ग्रीकांचे हात फैलावून उभे राहिलेले पुतळे ब्राँझचे होते. रोमनांनी त्यांच्या संगमरवरी प्रती केल्या तेव्हा पायाला झाडाचा बुंधा आणि हाताला दगडी टेकू द्यावे लागले. त्या मूळ ब्राँझपैकी फार थोडे उरले, कारण धातू वितळवून पुन्हा वापरता येतो. १९७२ मध्ये इटलीतल्या रियाचेजवळ दोन योद्धे सापडले ते समुद्रात बुडाले होते म्हणूनच वाचले. आपल्याकडेही तांब्याची चोरी होते, तेव्हा पुतळा चौथऱ्याला आतून बोल्टने पक्का करा. बोल्ट स्टेनलेसचा घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणला ३५ फुटी पुतळा कोसळला. त्याच्या चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग यांकडे बोट दाखवलं गेलं. वर धातू कोणताही असो, आतलं लोखंड पाणी पितं.

निगा सोपी आहे: पावसाळ्यानंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा आणि मेणाचा पातळ हात द्यायचा. चिंच, लिंबू, ब्रासो नको. आणि जयंतीच्या आदल्या दिवशी सोनेरी ऑइलपेंटचा डबा आणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्याला कसंही करून थोपवा. चार-पाच जयंत्यांत सरांच्या सुरकुत्या बुजतात आणि ब्राँझसाठी मोजलेले पैसे रंगाखाली जातात.

काळा पाषाण

दगडाचा मोह आपल्या भागाला स्वाभाविक आहे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ चं, रट्ट राजांच्या काळातलं. आतली काळ्या पाषाणातली नेमिनाथांची मूर्ती आणि छतातलं ७२ पाकळ्यांचं कमळ बघून आलेला माणूस म्हणणारच की दगडच करू. हलशीला वराह-नरसिंहाच्या देवळात जाऊन आला तर विचारूच नका. पण त्या मूर्ती कोणा एका माणसासारख्या दिसाव्यात म्हणून घडवलेल्याच नाहीत. शास्त्रातली तालमानं ठरलेली: चेहऱ्याची लांबी एक ताल, त्यावर सगळं शरीर मोजायचं. त्या परंपरेत तयार झालेला कारागीर देवाचा चेहरा डोळे मिटून काढेल. तुमच्या सरांचा थोडा वाकडा जबडा मात्र त्याचा हात आपोआप सरळ करतो. मग चष्मा घातलेला विष्णू तयार होतो.

याला सन्मान्य अपवाद आहेत. इंडिया गेटजवळचा नेताजींचा २८ फुटी पुतळा २०२२ मध्ये काळ्या ग्रॅनाइटमध्येच झाला, आणि त्याचे शिल्पकार अरुण योगीराज कर्नाटकातलेच, म्हैसूरचे. कोलार जिल्ह्यातल्या शिवारपट्टणातही दगडकामाचं मोठं केंद्र आहे. तेव्हा दगड हवाच असेल तर त्या माणसाने केलेले दोन-तीन मानवी चेहरे प्रत्यक्ष जाऊन बघा, देवांचे नव्हे. वजन विसरू नका: भरीव अर्धपुतळा दीड-दोनशे किलोंचा होतो आणि पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तो कोण चढवणार हे आधी ठरवावं लागतं. चूकही दुरुस्त होत नाही. बाहेरच्या टिकाऊपणात मात्र चांगला ग्रॅनाइट ब्राँझच्या तोडीस तोड आहे, आणि चोर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

संगमरवर

आत, कोरड्या हॉलमध्ये, सुंदर. बाहेर नाही. आपल्या पावसात, त्यातही खानापूर-कणकुंबीकडे, पांढऱ्या दगडावर शेवाळ धरतं आणि खांद्यावरून काळे ओघळ उतरतात. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ, त्याला आम्ल खातं. हळद-कुंकू लावलं की डाग आत मुरतो आणि तो काढायला कोणी लिंबू घासलं की चकाकी जाते. डोळ्यांचाही प्रश्न आहे. पांढऱ्यावर पांढरं बुबुळ दिसत नाही, म्हणून सम्राट हेड्रियनच्या काळापासून रोमन शिल्पकार बाहुली कोरू लागले. त्याआधी ती रंगवत. तुमचा मूर्तिकार बाहुली कोरतो की डोळा कोरा सोडतो, हे त्याच्या जुन्या कामात बघून घ्या.

फायबर

याची बदनामी थोडी अन्यायाची आहे. काचेच्या धाग्यांचे थर आणि रेझिन, एवढंच. वजन दहा किलोंच्या आसपास, दोन मुलं उचलून स्टेजवर आणतील. किंमत ब्राँझच्या कितीतरी खाली. माती तीच, साचा तोच, तेव्हा चेहरा ब्राँझइतकाच चांगला येऊ शकतो. उन्हात मात्र काही वर्षांत वरचा थर पांढुरका पडतो, केसासारख्या चिरा जातात, आणि दर वेळी रंग द्यावा लागतो. कोटेशनमध्ये ‘ब्राँझ फिनिश’ असं लिहिलं असेल तर ते फायबरच आहे, हे सभासदांना स्वच्छ सांगा. उद्घाटनानंतर कळलं की चर्चा पुतळ्याची होत नाही, हिशेबाची होते.

जागा

रस्ता, चौक किंवा फुटपाथवर पुतळा बसवायला परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. आणि बेळगावात पुतळा हा विषय किती लवकर तापतो हे वेगळं सांगायला नको. संस्थेच्या स्वतःच्या आवारातली जागा धरा आणि लेखी परवानगी लागते का ते आधीच विचारा. चौथऱ्यावरची पाटी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत कोरून घ्या. पुतळ्याचे डोळे उभ्या माणसाच्या नजरेच्या थोडेच वर असू द्या, नाहीतर खालून फक्त हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात. मोकळ्या मैदानात आयुष्याकार पुतळा बारीक वाटतो; तिथे सव्वापट धरावा.

पैसे आज कमी असतील तर घाईने हलका ब्राँझ करू नका. चांगल्या शिल्पकाराकडून माती करून घ्या, आत्ता फायबर ओतून हॉलमध्ये बसवा, आणि प्लास्टरची मूळ प्रत संस्थेच्या मालकीची राहील असं करारात लिहून घ्या. फ्रेंच शिल्पकार उदों लेखक व्होल्तेअरच्या एकाच चेहऱ्याचे प्लास्टर, भाजलेली माती, संगमरवर आणि ब्राँझ असे वेगवेगळे पुतळे करून देत असे. तुम्हालाही पाच-सात वर्षांनी वर्गणी जमली की त्याच प्रतीवरून ब्राँझ ओतता येईल, मातीकामाचे पैसे पुन्हा न देता. ती प्रत फक्त कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवा. प्लास्टर ओल खातं, आणि शाळेची तळमजल्यावरची स्टोअर रूम पावसाळ्यात कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.