स्पीड स्टिक: वेग वाढला, आटे गंजले

गोल्फच्या फटक्याचा वेग वाढवायला सरावाची जी काठी मिळते, ती स्पीड स्टिक. परवा शेवटी पाना लावून तिचं वजन काढावं लागलं, म्हणून लिहितोय. काठी कशी चालते ते तुम्हाला माहीतच असेल: एकच शाफ्ट (दांडा), टोकाला वजनं बदलायची आणि ड्रायव्हरपेक्षा (सर्वांत लांब फटक्याची गोल्फ स्टिक) हलकी-जड करून पूर्ण जोर लावून फिरवायची. २०२२ ची गोल्फची यूएस ओपन जिंकलेल्या मॅट फिट्झपॅट्रिकने असाच सराव करून वेग वाढवला होता, तेव्हापासून आम्हा टूरवर (व्यावसायिक स्पर्धांत) खेळणाऱ्यांत याची चर्चा आहे.

उपयोग होतो, शंकाच नाही. माझ्या ड्रायव्हरचा वेग ताशी १०९ मैलांवर अडकला होता, मे संपेपर्यंत ११२ झाला. वाढलेल्या दर मैलामागे फटका साधारण अडीच यार्ड लांब जातो असं धरा.

पण ते आटे! घर नागावला, समुद्र हाकेवर. जूनमध्येच स्क्रूवर तांबूस पूड दिसायला लागली आणि गणपती येईतो मधलं वजन शाफ्टला असं धरलं की हलेना. इतके पैसे मोजल्यावर साधा स्टेनलेसचा स्क्रू देता येत नाही? बिल पाठवलं, फोटो पाठवले, प्रत्येक वेळी तेच उत्तर: गंज वॉरंटीत बसत नाही. मग किनारपट्टीवर विकता कशाला? वजन बदलता येणं हाच तर या काठीचा सगळा जीव आहे. तेच बंद पडलं तर हातात राहतो दांडका.

काठी पडून होती तेवढ्या पावसात मी जिममध्ये ट्रॅप बार डेडलिफ्ट (चौकटीच्या बारने जमिनीवरून वजन उचलणं), उड्या आणि मेडिसिन बॉल फेकणं यांवर भर दिला. वेग उतरेल असं धरून चाललो होतो. वेग मोजायच्या रडारवर ११४ आले. मे महिन्यात विचारलं असतंत तर सगळं श्रेय काठीला दिलं असतं, आता निम्मं पायांना देतो. डाउनस्विंगमध्ये (स्टिक वरून चेंडूकडे खाली आणताना) जमिनीला जो रेटा द्यावा लागतो, तो पायांत ताकद असल्याशिवाय येत नाही. खारघरच्या गोल्फ कोर्सवर ज्या होलवर दुसरा फटका सहा नंबरच्या स्टिकने मारायचो, तिथे आता कमी अंतराची सात नंबरची पुरते.

पावसाळ्यात अंगणातल्या जांभ्यावर ही काठी फिरवू नका. शेवाळावर पुढचा पाय सटकला की गुडघा गेलाच. पडवीत छप्पर आडवं येतं, त्यामुळे जागा आधी बघून ठेवा.

सध्या होडीच्या इंजिनाचं ग्रीस आट्यांना चोपडतो आणि वापर झाला की वजनं सुटी करून ठेवतो. पाचपैकी तीन तारे. किनाऱ्यावर राहत असाल तर वेगवेगळ्या वजनांच्या तीन अखंड काठ्यांचा संच घ्या, त्यात वजनांचे आटेच नसतात.