खणाच्या ब्लाउजला हूक लावावेत की चेन?

सांगलीच्या कापड पेठेतून खण आणून घरीच ब्लाउज शिवणाऱ्या मुली मला हमखास विचारतात, "पुढे हूक लावू की बाजूला चेन?" चेन मशीनवर पंधरा मिनिटांत बसते, सहा हुकांना अख्खी संध्याकाळ जाते. तरी मी हूकच सांगते.

चेनीचा ब्लाउज अंगावर सुरेख बसतो, हे खरं. पुढे पट्टी नाही, दोन हुकांमधली फट नाही, खणाची नक्षी मध्येच तुटत नाही. पण बाजूच्या शिवणीत चेन बसली की तिथली माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, अडकली. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करायला एकच बाजू उरते. शिवाय सुती खण आधी भिजवून घेतला नसेल, तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, चेन आटत नाही, आणि शिवणीला लाटा येतात. आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या डोहाळजेवणाला चेनीचा रनर अर्ध्यावर निसटला. बायका ओटी भरायला येऊन बसलेल्या, आणि मी आतल्या खोलीत जाऊबाईंच्या अंगावरच टाके घालत होते. सहा हुकांतला एक तुटला तरी पाच उरतात.

टिचबटण लावायला सोपं, पण ताण आला की उघडतं. छातीवर ते नकोच. गळ्याशी पट्टीचं टोक उचलतं, तिथं एक बारीक टिचबटण मात्र छान काम करतं. तान्ह्या बाळाच्या झबल्याला यातलं काहीच नको, बाजूला आखूड सुती बंद पुरे.

हूक घेताना लोहचुंबक जवळ धरा. चिकटला तर हूक लोखंडाचा आहे. घामानं तो गंजतो आणि गंजाचा डाग खणावरून जात नाही. पितळी हूक थोडे महाग पडतात, पण तेच घ्या.

लावताना दुहेरी दोऱ्याला मेण ओढा. हूक कडेपासून किंचित आत ठेवा, दोन्ही कड्यांत चार-चार टाके घाला, आणि मग हुकाची मान, म्हणजे वळलेल्या टोकाजवळचा भागही, दोन टाक्यांनी बांधा. बहुतेक जणी इथंच कंटाळा करतात. मान मोकळी राहिली की हूक उभा राहतो आणि समोरून दिसतो. सुई पट्टीच्या आतल्या थरातूनच जाऊ द्या, वर टाका दिसता कामा नये. समोरच्या पट्टीवर लोखंडी आकड्याऐवजी दोऱ्याचं लूप करा: तीन-चार पदर टाकून त्यांवर काजटाका. लूप सैल झालं तर दहा मिनिटांत नवं होतं.

सासूबाईंची बोटं आता आखडतात, त्यांना हूक सापडतही नाही. त्यांच्या ब्लाउजला मी मोठी बटणं लावते आणि काज आडवे करते. ताण आला की बटण आडव्या काजाच्या टोकाला जाऊन थांबतं, उभ्या काजातून ते सुटतं. बटण लावताना त्याच्यावर काडेपेटीची काडी आडवी धरून टाके घालते, मग काडी काढून बटण वर ओढते आणि खाली मोकळ्या झालेल्या दोऱ्याला चार वेढे देते. एवढी उंची मिळाली की काजाची पट्टी बटणाखाली दाटत नाही, आणि त्यांना कुणाला हाक मारावी लागत नाही.