नववीचा भूगोल: धड्यांच्या क्रमाने की एका प्रश्नाभोवती?

वर्षाचं नियोजन करताना दोन वाटा समोर असतात. पहिली सरळ: ‘वितरणाचे नकाशे’, ‘वृष्टी’, ‘नागरीकरण’ असे एकामागून एक धडे. पोर्शन वेळेत संपतो, चाचणीही सोपी जाते. पण वृष्टीतला पर्जन्यछाया प्रदेश (डोंगराआडचा कमी पावसाचा भाग) आणि नागरीकरणातलं स्थलांतर यांची गाठ मुलांच्या डोक्यात पडतच नाही.

दुसऱ्या वाटेवर आधी प्रश्न येतो. उदाहरणार्थ, एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, मग माण तालुक्यात पाचशेच्या आसपासच का? दोन्हींत सरळ रेषेत अंतर शंभरेक किलोमीटर. मुलं जिल्ह्याच्या नकाशावर समपर्जन्य रेषा (सारख्या पावसाची ठिकाणं जोडणाऱ्या) काढतात आणि पश्चिमेला त्या इतक्या दाटतात, की पेन्सिलीचं टोक मावत नाही. तिथून सह्याद्री, बाष्पाने भरलेले नैऋत्य मोसमी वारे, घाट उतरताना कोरडी होणारी हवा हे आपोआप निघतं. पुढे मेंढपाळांची भटकंती, दुष्काळातल्या चारा छावण्या आणि मुंबईला कामासाठी गेलेली माणसं. तीन धडे एका धाग्यात.

याला वेळ मात्र दीडपट लागतो, आणि नकाशावाचन कच्चं असेल तर मुलं नुसती मतं मांडत बसतात. म्हणून जून-जुलैत प्रमाण, दिशा, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) धड्यांच्या पद्धतीनेच घोटवून घ्यावं, मग वर्षभरात असे तीनच प्रश्न घ्यावेत. माझा कौल प्रश्नांनाच. मुलं घरी जाऊन आजीला दुष्काळाबद्दल विचारतात, ते धड्याखालच्या स्वाध्यायाने कधीच होत नाही.