३.३ की ३.०? बॅटरीचा कट-ऑफ किती व्होल्टला आणि कुठे लावावा

डाळिंबाच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेत स्टॉलपुढे लावलेली एलईडी पाटी, दोन्ही एका १८६५० लिथियम-आयन सेलवर चालू शकतात. तरी दोघांना एकच कट-ऑफ, म्हणजे सेल ज्या व्होल्टला तोडायचा तो आकडा, लावणं मला पटत नाही. पाटी विझली की दुकानदार ती रात्रीच चार्जिंगला लावतो. बागेतला डबा मात्र बंद पडला हे कळायलाच आठवडा जातो, आणि मंगळवेढ्याच्या बाजूला मुद्दाम कोण जाणार? म्हणून आकड्याआधी हे ठरवा: बंद झाल्यावर सेल किती दिवस तसाच पडून राहणार आहे?

कट-ऑफ लावायच्या जागा तीन. पहिली म्हणजे टीपी४०५६ च्या चार्जिंग बोर्डावरची डीडब्ल्यू०१ ही संरक्षण चिप. ती साधारण २.४ व्होल्टला सेल तोडते. आकडा चिपमध्येच ठरलेला असतो, बदलता येत नाही. बरेच जण यावरच भिस्त ठेवतात, पण हा रोज वापरायचा कट-ऑफ नव्हेच, हा शेवटचा बंधारा. सेल फार खाली जाऊन तसाच राहिला तर आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. शिवाय काही स्वस्त बोर्डांवर ही चिप नसतेच. लोडसाठी वेगळे ‘आउट’ टर्मिनल नसतील तर तो बोर्ड तसलाच समजा.

दुसरी जागा कोड. सेलचं व्होल्टेज निम्मं करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर, ते मोजणारी एडीसी पिन, आणि मर्यादेखाली गेलं की डीप स्लीप, म्हणजे चिपची गाढ झोप. आकडा बदलायला एक ओळ पुरते, हा मोठा फायदा. पण वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिना वाचता येत नाहीत, तेव्हा ३२ ते ३९ मधली पिन घ्या आणि मिळालेलं वाचन मल्टिमीटरशी जुळवून घ्या. मोजणी वायफाय सुरू होण्याआधीच करा. नाहीतर असं होतं: वायफाय करंट ओढतो, सेल दबतो, ब्राउनआउटने (व्होल्टेज फार पडल्याने) बोर्ड रिसेट होतो, उठल्यावर पुन्हा वायफाय... आणि या फेऱ्यांतच सेल रिकामा होतो.

तिसरी जागा म्हणजे व्होल्टेज डिटेक्टर चिप आणि तिच्या इशाऱ्यावर स्विचचं काम करणारा पी-चॅनल मॉसफेट. कोड अडकला तरी हे काम करतं आणि पुढची सगळी वीज खरोखर तोडतं. अडचण एकच: लोड सुटला की सेलचं व्होल्टेज पुन्हा वर येतं. तुटण्याच्या आणि जोडण्याच्या आकड्यांत पुरेसं अंतर नसेल तर पाटी लुकलुकत बसते. ३.० ला तुटत असेल तर ३.५ च्या आसपास पुन्हा जोडावं.

आता आकडा. ३.३ च्या खाली सेलमध्ये फारसं काही उरत नाही, त्यामुळे ३.० पर्यंत खेचून मिळणारा जादा वेळ थोडाच. सेलचं व्होल्टेज ईएसपी३२ साठी ३.३ वर आणणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर हा वादच व्यर्थ. त्याला जास्त लोडला ३.३ च्या वर आणखी एक व्होल्ट लागतो (हाच ड्रॉपआउट), म्हणजे सेल ३.७ वर असतानाच ईएसपी३२ उपाशी राहायला लागतो. आधी कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर घ्या, पण वायफायचा झटका झेलेल इतका करंट तो देतो का हे बघून.

बागेसाठी हिशेब असा. ३.३ ला सेलमध्ये १०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) उरलेत असं धरू. यूएसबी चिप आणि पॉवर एलईडीवाला डेव्ह बोर्ड (ईएसपी३२ चा तयार बोर्ड) ‘झोपला’ तरी १० मिलिअँपिअर खाऊ शकतो, म्हणजे दहा तासांत सेल तळाला. नुसतं मॉड्यूल, चांगला रेग्युलेटर आणि दोन १०० किलोओहमचा डिव्हायडर मिळून ३५ मायक्रोअँपिअरच्या आसपास बसवता आलं, तर तेच १०० एमएएच जवळपास चार महिने जातात. ३.० की ३.३ यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा.

म्हणून बागेसाठी माझा कौल कोडमधल्या ३.४ ला, खाली डीडब्ल्यू०१ ठेवून. डेव्ह बोर्डच वापरायचा असेल तर कोडवर भागत नाही, मॉसफेट लावाच. पाटीला मॉसफेट आणि ३.० पुरे.

सोलापूरचा मे महिना वेगळाच. चाळिशीपार उन्हात पत्र्याच्या डब्यातला सेल लवकर म्हातारा होतो, त्याचा आतला रोध वाढतो आणि लोडखाली तो जास्त दबतो. मग कट-ऑफ अवेळी बसायला लागतो. अशा वेळी आकडा खाली आणू नका. आधी डबा सावलीत घ्या, मग लोड काढून सेल मोजा. मोकळ्यावर ३.७ आणि वायफाय लागताच ३.२ दिसत असेल तर सेलच बदला.